देवगिरीच्या मात्रा, लोरियोचे हात

ऑलिव्हिए मेसियाँच्या वीस पियानोरचनांच्या मालिकेतली पाचवी रचना सुरू झाली की सुरुवातीला कान काही पकडू शकत नाही. वरच्या सप्तकांत मऊ स्वरसंगती एकामागून एक पडत राहतात. दोन स्वरसंगतींमधलं अंतर कधीच सारखं नसतं, तरीही ते मनमानी वाटत नाही. त्यांच्या खाली आणखी एक थर चाललेला असतो, तोही तसाच, पण अधिक सावकाश. आणि या दोन्ही थरांच्या तळाशी एक भारदस्त, ओळखीची धून हलते. मालिकेच्या पहिल्याच रचनेत भेटलेली ही धून, मेसियाँच्या शब्दांत देवाची धून. इव्होन लोरियो ही रचना वाजवते तेव्हा तीन थर तीन वेगवेगळ्या खोल्यांतून आल्यासारखे ऐकू येतात, आणि वाजवणारे हात मात्र दोनच असतात.

मालिकेचं नाव ‘व्हँ रगार स्युर लँफाँ-जेझ्यु’, म्हणजे बाळ येशूकडे वळलेल्या वीस नजरा. पाचवी नजर पुत्राची पुत्राकडे. त्यातल्या वरच्या दोन थरांना चालवणारे सतरा कालावधी तीन तालांतून आले आहेत: रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश. हे ताल तेराव्या शतकात देवगिरीला लिहिल्या गेलेल्या ‘संगीतरत्नाकरा’तले. वऱ्हाडातल्या माणसाने हे ऐकून क्षणभर थांबावं, एवढी ही गोष्ट मोठी आहे. देवगिरी म्हणजे यादव, आणि यादवांच्या राज्यात आपला वऱ्हाड होता. अकोल्याजवळ बार्शीटाकळीला हेमाडपंती देवळाचे दगड आजही त्या काळाची साक्ष देतात. सिंघण यादवाच्या दरबारात ‘संगीतरत्नाकरा’चा कर्ता शार्ङ्गदेव तालांची यादी लिहीत होता, त्याच काळात अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपुरात गोविंदप्रभू वावरत होते. एकाच राज्यातली, एकाच शतकातली ही दोन टोकं. एकाला शास्त्र बांधायचं होतं. दुसऱ्यांनी कसलंच बंधन मानलं नाही.

शार्ङ्गदेवाचा आजा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आला. बाप सोढल यादवांच्या पदरी होता. शार्ङ्गदेव स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी आणि वैद्यही होता, आणि स्वतःला ‘निःशंक’ म्हणवत असे. हिशेबनीस माणसाने लिहिलेला तालाध्याय आहे हे वाचताना जाणवतं. ग्रंथाच्या सात अध्यायांतला हा पाचवा. त्यात एकशेवीस देशी तालांची यादी आहे आणि प्रत्येक ताल कालावधींच्या खुणांनी मांडलेला आहे. द्रुत अर्धी मात्रा, लघु एक, गुरू दोन, प्लुत तीन. आणि विराम लागला की आधीच्या कालावधीत त्याच्या निम्म्याची भर. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७मध्ये मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्या संपादनाखाली हा ग्रंथ कल्लिनाथाच्या टीकेसह छापला. पुढे १९१३मध्ये जोआनी ग्रोसे या फ्रेंच संस्कृतज्ञाचा भारतीय संगीतावरचा दीर्घ लेख लाव्हिन्याकच्या संगीतकोशात आला, आणि त्यात त्याने या एकशेवीस तालांचं कोष्टक युरोपीय स्वरलिपीत दिलं. मेसियाँच्या हाती लागलं ते हे कोष्टक. त्यातले ताल कुणी वाजवताना त्याने ऐकलेले नव्हते. त्याने ते वाचले.

ऐकले असते तरी कुठे? इकडे तरी रागवर्धन कोण वाजवत होतं? आपला त्रिताल, एकताल, झपताल ठेक्याच्या अंगाने वाढले. तबल्याचे बोल हीच त्यांची ओळख बनली. देशी तालांची ती जुनी यादी उत्तरेकडच्या मैफलीतून केव्हाच गेली होती. म्हणून ‘हे आमचंच’ असा अभिमान मिरवायला इथे फारशी जागा नाही. आपण सोडून दिलेली मापं पॅरिसच्या एका तरुण ऑर्गनवादकाने उचलली आणि आयुष्यभर वापरली. १९४६ ते १९४८मध्ये लिहिलेल्या त्याच्या प्रचंड सिंफनीचं ‘तुरंगलीला’ हे नावही याच यादीतल्या एका तालाचं.

आता ते तीन ताल जरा हातावर घेऊन बघू. रागवर्धन: द्रुत, विरामयुक्त द्रुत, पुन्हा द्रुत आणि शेवटी प्लुत. अर्धी, पाऊण, अर्धी, तीन. बेरीज पावणेपाच मात्रा. चंद्रकला: तीन गुरू, तीन प्लुत आणि एक लघु, म्हणजे दोन-दोन-दोन, तीन-तीन-तीन, एक, बेरीज सोळा. लक्ष्मीश: अर्धी, पाऊण, एक, दोन, बेरीज सव्वाचार. पाव-पाऊण-सव्वा-दीडचे पाढे तोंडपाठ असलेली आपली जुनी पिढी पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घडाघडा म्हणायची. शेतमालाचा भाव त्यांच्या तोंडीच सुटायचा, कागद लागायचाच नाही. त्या पिढीतल्या कुणाला या तालांचा हिशेब अवघड वाटला नसता. ज्या कानाला पावणेपाच ही संख्या पाचाइतकीच घट्ट आणि पूर्ण वाटते, तो कान मेसियाँच्या लयीकडे न घाबरता जाऊ शकतो. युरोपीय श्रोत्याला तिथे चार-चारचा भक्कम पाया निसटल्याची भीती वाटते. आपल्याला ती वाटायला नको.

रागवर्धनावर मेसियाँचा विशेष जीव. १९४४मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या रचनातंत्रावरच्या पुस्तकात त्याने या तालासाठी एक अख्खं प्रकरण दिलं आहे. तिथे तो ताल उलटा करतो: आधी प्लुत, मग द्रुत, विरामयुक्त द्रुत, द्रुत. प्लुताचे तो तीन लघु करतो. म्हणजे एक-एक-एक, नंतर अर्धी-पाऊण-अर्धी. आता पाहा, दुसरी तिकडी ही पहिल्या तिकडीचीच निम्म्यावर आणलेली प्रतिमा आहे, पण तंतोतंत नाही. मधल्या घरात पाव मात्रेची भर पडली आहे. त्या भरीमुळे तिकडी लंगडत नाही. तिला एक श्वास मिळतो. शिवाय अर्धी-पाऊण-अर्धी ही तिकडी डावीकडून वाचा नाही तर उजवीकडून, तीच राहते. मेसियाँच्या लयविचारातले तीन खांब या एका तालात त्याला सापडले: कालावधीला दिलेली छोटी भर, अचूक नसलेलं मोठं-लहान करणं, आणि उलटा केला तरी न बदलणारा लयबंध. विरामाची ती एक खूण, जिच्यावरून आपले संगीतशिक्षक भराभर पुढे जातात, तिच्यातून विसाव्या शतकातल्या एका संपूर्ण लयशास्त्राचा कोंब फुटला. हे वाचताना मला दर वेळी तोच आनंद होतो.

सतरा कालावधींची ही साखळी त्याने आधी एका युद्धकैद्यांच्या छावणीत वापरली होती. गोर्लिट्झच्या छावणीत १५ जानेवारी १९४१ला कैद्यांपुढे वाजलेल्या त्याच्या चौकडीच्या पहिल्याच भागात पियानोवादक हेच सतरा कालावधी फिरवत राहतो. सुटका होऊन तो पॅरिसला आला आणि कॉन्सर्व्हातोआरमध्ये शिकवू लागला. तिथे त्याच्या वर्गात सतरा वर्षांची इव्होन लोरियो येऊन बसली. १९२४मध्ये पॅरिसजवळ जन्मलेल्या या मुलीने चौदाव्या वर्षापर्यंत बाखचे अठ्ठेचाळीस प्रेल्यूड-फ्यूग, बेथोव्हनचे बत्तीसही सोनाटा आणि मोझार्टचे पियानो कॉन्चर्टो आत्मसात केले होते. तिच्या हातांना काहीही अशक्य नाही हे कळल्यावर आपण वाटेल ते धाडस करू शकलो, असं मेसियाँने पुढे सांगितलं. वीस नजरा त्याने २३ मार्च ते ८ सप्टेंबर १९४४ या दिवसांत लिहिल्या. त्यातले बरेच दिवस पॅरिस जर्मन ताब्यात होतं. ऑगस्टअखेर शहर सुटलं. २६ मार्च १९४५ला साल गाव्हो या सभागृहात एकवीस वर्षांच्या लोरियोने सगळ्या वीस रचना पहिल्यांदा वाजवल्या. दोन तासांचं काम. तिने ते एकदा पन्नाशीच्या दशकात व्हेगासाठी आणि पुन्हा १९७३मध्ये एराटोसाठी ध्वनिमुद्रित केलं. १९६१मध्ये दोघांनी लग्न केलं होतं. तेव्हा दुसऱ्या ध्वनिमुद्रणामागे या रचनांसोबतचं जवळजवळ तीन दशकांचं राहणं आहे.

मी सांगतो आहे ते त्या १९७३च्या ध्वनिमुद्रणाबद्दल.

पाचव्या नजरेत सर्वांत वरचा थर सतरा कालावधींची साखळी आहे तशी चालवतो. मधला थर तीच साखळी, पण प्रत्येक कालावधी दीडपट करून. चंद्रकलेची मापं साखळीत चौथाईवर आणलेली आहेत, त्यामुळे वरच्या थराची एक फेरी छोट्यात छोट्या एककात, म्हणजे पाव मात्रेत, मोजली तर बावन्न एककांची होते, मधल्याची अठ्ठ्याहत्तरची. तीन आणि दोनचं नातं. आपला तबलजी याला आड म्हणेल, आणि नात्यापुरतं ते बरोबरच आहे. पण आपल्या आडीची गंमत कशात असते? ठेका हातावर पक्का धरलेला असतो, त्याच्यावरून लय तिरकी जाते, आणि समेवर येऊन सांधते. त्या सांध्यासाठी श्रोता मान वर करून बसलेला असतो. मेसियाँकडे ठेका धरणारा कुणीच नाही. वरचा थर मधल्याचा आधार नाही आणि मधला वरच्याचा नाही. गणिताने तीन फेऱ्या आणि दोन फेऱ्या कुठेतरी जुळतात. सम म्हणून मात्र तिथे काहीही उभं केलेलं नाही.

इथेच वादक कसोटीला लागतो. या कालावधींची नुसती बिनचूक मोजणी केली तर ऐकू येतो तो हिशेब. काही वादकांकडे तसं होतं आणि रचना सुकते. भावनेच्या भरात एखादा पाऊण एकाकडे सरकवला, तर विरामाची ती पाव मात्रेची भर नाहीशी होते, आणि रचनेत पुढे कुठेच काही शिल्लक राहत नाही. लोरियोचं वेगळेपण असं, की तिच्याकडे प्रत्येक कालावधीला स्वतःचं वजन आहे. चंद्रकलेतले तीन प्लुत सलग येतात तेव्हा ती त्यांच्यात चढउतार करत नाही. तीन एकसारखे स्वर ती एकसारख्या स्पर्शाने ठेवते, आणि त्यानंतरचा एकटा लघु इतक्या हलक्या बोटाने येतो की तो त्या तिघांचा उरलेला श्वास वाटतो. लक्ष्मीशात अर्धी, पाऊण, एक, दोन अशी लय पसरत जाते. ती पसरताना लोरियो आवाज वाढवत नाही. फक्त काळ रुंद होतो. आवाज न वाढवता विस्तार ऐकवणं ही गायकीतसुद्धा फार थोड्यांना साधलेली गोष्ट आहे. किराण्याच्या विलंबित ख्यालातल्या बढतीवर ज्यांनी प्रेम केलं आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल.

आणि हे चालू असताना खाली देवाची धून. ती तिसऱ्याच गतीची, तिसऱ्याच रंगाची. या धुनेचे स्वर कोणते, हे पेटीवर बघण्यासारखं आहे. काळी तीनला सा धरा. सा, कोमल रिषभ, कोमल गंधार, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, पंचम, शुद्ध धैवत, कोमल निषाद: आठ स्वर, अर्धा सूर, पूर्ण सूर, पुन्हा अर्धा, पुन्हा पूर्ण, असे. यातून राग होणार नाही. दोन गंधार शेजारी-शेजारी, आणि आरोह-अवरोहाला वळण नाही. त्याहून महत्त्वाचं, षड्ज कोमल गंधारावर नेला तर पुन्हा तेच आठ स्वर मिळतात. तीव्र मध्यमावर नेला तरी तेच. आपल्याकडे मूर्च्छना बदलली की नवा राग समोर येतो, हा आपल्या संगीतातला एक मोठा चमत्कार. इथे सा हलवूनही काही बदलत नाही. उलटा करूनही न बदलणारी लय, आणि हलवूनही न बदलणारा स्वरसमूह. एकच विचार मेसियाँने काळावरही बसवला आणि स्वरांवरही. हा माणूस शाश्वताबद्दल बोलू पाहतो आहे, ते शब्दांत सांगण्याची त्याला गरज उरत नाही. रचनेच्या हाडातच ते बसवलेलं आहे. पण हे शास्त्र झालं. कानाला काय मिळतं? मिळते ती एक विलक्षण स्थिरता. धुनेत गोड, भरीव स्वरसंगती येतात, त्यांच्यात ओढ आहे, पण त्या कुठे जायला निघालेल्या नाहीत. लोरियो या स्वरसंगतींच्या आतला एक-एक स्वर वेगळ्या दाबाने वाजवते. त्यामुळे त्या ठोकळ्यासारख्या पडत नाहीत, आतून उजळतात.

माझ्या मनात बराच काळ एक प्रश्न होता आणि तो टाळण्यासारखा नाही. ताल म्हणजे नुसते कालावधी का? आपल्या शास्त्रात ताल ही हाताची क्रिया आहे. सशब्द क्रिया, निःशब्द क्रिया, टाळी, काल. देह तिथे हजर असतो. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं ऐकून वाढलेल्या अमरावतीकराला हे सांगावं लागत नाही. खंजिरीवर पडलेली थाप कागदावर लिहिता येते, पण ती थाप नसते. ग्रोसेच्या कोष्टकात क्रिया नव्हती, तिथे फक्त खुणा होत्या, आणि मेसियाँने घेतल्या त्या खुणाच. तेव्हा देवगिरीहून पॅरिसला पोचेपर्यंत तालातला देह गळून पडला, असं म्हणावं लागेल. या आक्षेपात तथ्य आहे.

पण लोरियोचं वादन ऐकत गेलं की या आक्षेपाचं उत्तर तिच्या हातांतून मिळतं. कागदावर राहिलेल्या त्या खुणांना तिने पुन्हा हात दिले. दर कालावधीला निराळा स्पर्श, निराळी उचल, पॅडलची निराळी खोली. टाळी आणि कालाचा जो भेद आपल्या ताल-क्रियेत असतो, कुठे आघात ऐकवायचा आणि कुठे फक्त हात वळवायचा, तशाच जातीचा भेद तिच्या बोटांत आहे. तिने तालाध्याय अभ्यासला होता असं मला सुचवायचं नाही. काळाचं माप अंगाने कळलं की कुणाच्याही हातात हे येतं, आणि ते तिच्या हातात आलं होतं. रचनाकाराने वाचलेला ताल आणि वादिकेने वाजवलेला ताल यांत अंतर आहे. ते अंतर तिने भरून काढलं, हे माझ्या लेखी तिचं सर्वांत मोठं श्रेय. तिच्या अचाट तंत्राबद्दल सगळे बोलतात, याबद्दल फार कमी.

सहाव्या नजरेत हेच हात ओळखू येणार नाहीत इतके बदलतात. पुत्राद्वारे सर्व काही निर्माण झालं, या श्रद्धेवरची ही प्रचंड फ्यूग. विषय कधीच त्याच रूपात परत येत नाही. कालावधी बदलतात, सप्तकं बदलतात. मध्याच्या पुढे आधी ऐकलेली फ्यूग शेवटाकडून सुरुवातीकडे वाजू लागते. पहिल्या ऐकण्यात हे कुणालाच कळणार नाही, आणि कळायला हवं असंही नाही. कळतं ते एवढंच की काहीतरी अवाढव्य वळून परत येत आहे. शेवटी देवाची धून पूर्ण ताकदीने उसळते. लोरियोचा इथला आघात कोरडा, पितळी आणि निर्भय आहे. इतर अनेक ध्वनिमुद्रणांत ही जागा गदारोळ होते. तिच्याकडे सगळ्यात मोठ्या आवाजातसुद्धा आतले स्वर मोजता येतात.

तिसरी नजर लहान आहे, पण विसरू नये. तिच्यात एक आकृती बारा वेळा येते. दर खेपेला तिच्यातले काही स्वर अर्ध्या सुराने चढतात, काही उतरतात, काही जागचे हलत नाहीत. देव तसाच राहतो आणि माणूस वाढत जातो, असा तिचा अर्थ. दहाव्या नजरेत आनंदाचा आत्मा खर्जात धुमाकूळ घालत येतो. तिचा पहिला भाग खालच्या सप्तकांतला एक रांगडा नाच आहे, पुढे शिकारीच्या शिंगांसारखी ललकारी येते. देव आनंदी आहे ही गोष्ट मेसियाँला फार भिडलेली होती आणि ती इथे धडधडीत ऐकू येते. अकराव्या नजरेत गर्भवती मारिया आहे. तिच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचे ठोके खर्जाच्या स्वरांत अगदी हळू पडतात. लोरियो ते ठोके सजवत नाही. हे ऐकताना तिच्या संयमाबद्दल आदर वाटतो, कारण इथे गहिवर आणणं फार सोपं होतं.

पंधरावी नजर म्हणजे पाळणाच. जन्माष्टमीला, रामनवमीला आपल्याकडे देवाला पाळण्यात घालून गातात, त्या भावाच्या फार जवळची. देवाला बाळ करून जोजवणं ही कल्पना वऱ्हाडातल्या कोणत्याही आजीला समजावून सांगावी लागणार नाही. मेसियाँ कडवा कॅथलिक होता, आणि तो श्रद्धेबद्दल कधीही संकोचला नाही. पॅरिसच्या काही समीक्षकांना हा संकोच नसणंच खटकलं. १९४५मध्ये त्याच्या लांबलचक धार्मिक टिपणांवर वृत्तपत्रांत बराच वाद झाला. तो वाद आज वाचताना वाटतं की भक्ती आणि तंत्र एका माणसात राहू शकतात, हेच त्यांना पटत नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या, अभंगांच्या वाचकाला त्यात पटण्या-न पटण्यासारखं काहीच नाही. गणिती शिस्त आणि गहिवर एका घरात नांदतात, हे आपण ओवीत पाहिलेलं आहे. पाळण्यात लोरियो लय जरा सैल सोडते. एरवी इतकी काटेकोर असणारी ही बाई इथे एखादा स्वर मुद्दाम उशिरा ठेवते, आणि त्या उशिराने जीव सुखावतो.

पक्ष्यांबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मेसियाँ पक्ष्यांची गाणी रानात बसून टिपायचा. या मालिकेत ते सुरुवातीचं वेड आहे. आठव्या नजरेत तर बराचसा पक्ष्यांचाच कल्लोळ आहे. पुढे १९५६ ते १९५८मध्ये त्याने तेरा भागांची पक्ष्यांची सूची लिहिली. लोरियोने ती १९५९मध्ये पहिल्यांदा वाजवली आणि नंतर ध्वनिमुद्रितही केली. मारुती चितमपल्लींची पुस्तकं वाचून मेळघाटातला एक-एक आवाज ओळखायला शिकलेल्या माणसाला ती सूची जास्त आवडेल, अशी माझी खात्री आहे. चिखलदऱ्याच्या कड्यावर पहाटे उभं राहिलं की चार दिशांनी चार लयी येतात आणि एकही दुसरीसाठी थांबत नाही. पाचव्या नजरेतल्या तीन थरांची बीजं मला तालाध्यायाइतकीच इथेही दिसतात. त्या रचनेवरच्या टिपणात मेसियाँने पक्ष्यांचा उल्लेख केलाच आहे, आणि थरांच्या मधून ते अचानक चिवचिवतातही. लोरियोचे पक्षी गोड नाहीत. त्यांची चोच टोकदार आहे. खरे पक्षी असेच असतात.

इतर वादकांपैकी मिशेल बेरोफचं तरुणपणीचं ध्वनिमुद्रण झळझळीत आहे. स्टीव्हन ऑस्बोर्न संथ रचनांमध्ये फार खोल जातो आणि पंधराव्या नजरेसाठी मी त्याच्याकडे आवर्जून परत जातो. पीटर हिलने मेसियाँची मदत घेत सगळं एकल पियानोसाहित्य ध्वनिमुद्रित केलं; त्याचं पांडित्य आणि नम्रता दोन्ही ऐकू येतात. पिएर-लोराँ एमार हा लोरियोचाच शिष्य. त्याच्याकडे थरांची स्वच्छता गुरूपेक्षाही जास्त आहे, आणि पाचव्या नजरेपुरती त्याची मोजणी निर्दोष आहे. तरीही मी लोरियोच्याच बाजूने उभा राहीन. एमारकडे थर वेगळे दिसतात. लोरियोकडे ते वेगळे असून एकमेकांचं ऐकतात. दीडपट चालणारा मधला थर वरच्या थराच्या एखाद्या स्वराला चाटून जातो तेव्हा तिच्या हातात क्षणभर काहीतरी उजळतं, आणि ते दर फेरीत वेगळ्या जागी उजळतं.

ऐकायला बसणाऱ्याला माझं सांगणं असं: वीसही रचना एका बैठकीत ऐकू नका. आधी पहिली ऐका, देवाची धून कानात बसू द्या. मग पाचवी, तीन वेळा: एकदा फक्त वरचा थर धरून, एकदा फक्त तळाची धून धरून, आणि तिसऱ्यांदा काहीही न धरता. पहिल्या खेपेला उजव्या हाताने मांडीवर रागवर्धन धरून पाहा, एक-एक-एक, अर्धी-पाऊण-अर्धी. पाऊण नीट पडला तर लोरियोच्या बोटाशी तुमचं बोट जुळेल. तबला शिकणाऱ्या मुलांना बरोबर घ्या. ती तुमच्याआधी पकडतील. त्यानंतर सहावी, दहावी, पंधरावी. आणि शेवटची विसावी मात्र मोठ्या आवाजात, दार उघडं ठेवून. देवाची धून तिथे सगळ्या पियानोभर पसरते, आणि लोरियो ती अजिबात घाई न करता वाजवते.